अडीच ग्रॅमची ओळ: आमची वाटचाल

२०१६ साली नाशिकमध्ये मी आणि माझ्या मावसभावाने लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली. एक कॅमेरा, एक जुना संगणक आणि मावशीच्या घरची मागची खोली. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या मोसमातल्या सगळ्या तारखा गेल्या. त्याच सुमारास द्राक्षबागायतदारांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेने विचारलं, मेळावे बंद आहेत, व्हिडिओ करून द्याल का? आज आमचं बहुतेक काम तेच आहे. खरड छाटणी (द्राक्षकाढणीनंतरची), गोडी छाटणी (फळासाठीची), डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, फवारणी.

सबटायटलची मागणी बागेतून आली. ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालू असला की मोबाइलचा आवाज कुणाला ऐकू येणार? एका बागायतदाराने तर सांगितलं, ‘माझ्या धाकट्या भावाला ऐकूच येत नाही, आणि फवारणी तोच करतो.’ ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सुरुवातीला आम्ही एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकेक ओळ टाइप करून ती व्हिडिओतच छापायचो. दहा मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा दिवस जायचा. २०२१च्या गोडी छाटणीला एका बुरशीनाशकाच्या प्रमाणात टिंब राहून गेलं. लिटरला २.५ ग्रॅमऐवजी २५ ग्रॅम. दुपारी निफाडहून फोन आला, ‘दादा, बोलताना अडीच म्हणताय, खाली पंचवीस दिसतंय. काय धरू?’ माझे हातपाय गार पडले. ज्याला ऐकू येत नाही तो खालचंच वाचणार ना! यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. व्हिडिओ काढला, दुरुस्त करून पुन्हा रेंडर केला, म्हणजे नवी फाइल बनवली, नव्याने चढवला, आणि जुनी लिंक ज्या ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली होती तिथे दुरुस्ती कळवता कळवता रात्र सरली.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, सबटायटल व्हिडिओत छापायचं नाही, वेगळी एसआरटी फाइल द्यायची. ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. ओळीचा क्रमांक, सुरू-संपायची वेळ आणि मजकूर, एवढंच तिच्यात असतं. चूक सापडली की फाइल बदलायची, लिंक तीच राहते.

मग सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा एका ऑनलाइन सेवेचे वर्षभराचे पैसे भरले. इंग्रजीत डेमो सुरेख होता. मराठी टाकली तर ‘द्राक्ष’मधली जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसायला लागली आणि ‘किती’ची वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. ते पैसे गेले. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी आमची दोन मिनिटांची एक क्लिप त्यातून काढतो. तिच्यात रफार आहेत, जोडाक्षरं आहेत, दीड, अडीच, पावणेदोन आहेत, आणि मागे ब्लोअरचा आवाज. आम्ही एडिटिंगला वापरतो त्या प्रीमिअरमध्येही हाच घोळ झाला होता. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडल्यावर अक्षरं जुळली. सबटायटलची फाइल मात्र यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतच सेव्ह करायची, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं.

शेवटी ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरवर स्थिरावलो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. आवाजाची लहर डोळ्यांसमोर दिसते, त्यामुळे ओळ नेमक्या शब्दावर बसवता येते. शेतकऱ्यांनी मोबाइलवर काढलेल्या तुकड्यांचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमीजास्त होत राहतो आणि एडिटिंगला घेतल्यावर आवाज-चित्र हळूहळू सरकतं. म्हणून ते आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला एकसारख्या २५ फ्रेमवर आणतो.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलला ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून आम्हीही तीच लावली होती. ओळी विचित्र ठिकाणी तुटायच्या. शोधल्यावर कळलं की मोजणी युनिकोडच्या चिन्हांची होते, म्हणजे संगणक अक्षर ज्या सुट्या चिन्हांनी साठवतो त्यांची. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, सॉफ्टवेअर त्यात सात मोजतं. आता आम्ही आकड्याकडे फार बघत नाही. सहा इंची मोबाइल हातभर लांब धरून बघतो आणि अर्थाला धरून ओळ तोडतो.

सप्टेंबर २०२२मध्ये व्हिस्पर आलं, बोलणं ऐकून आपोआप मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर. पुढे ते सबटायटल एडिटमधूनच वापरता यायला लागलं आणि टायपिंगचा ताण खूप हलका झाला. पण आमच्या क्लिपमधल्या ‘अडीच ग्रॅम’चं त्याने ‘आधीच ग्रॅम’ केलं. जिथे कुणीच बोलत नाही, नुसता ब्लोअर चालू आहे, तिथे स्वतःच्या मनाने वाक्यं लिहिली. म्हणून कृषी पदवीधर असलेली एक मुलगी आमच्याकडे येते आणि प्रत्येक ओळ आवाजाशी ताडून बघते. तिचा पगार काढणं सोपं नाही, तरी ते काम मी कुठल्याही मशीनवर सोडणार नाही. प्रमाण आता आकड्यात नाही, अक्षरी लिहितो: अडीच ग्रॅम.

ऐकू न येणाऱ्या त्या भावालाही व्हिडिओ प्रसिद्ध व्हायच्या आधी लिंक पाठवतो. गेल्या हंगामात त्याचा मेसेज आला, ‘औषधाचं नाव वाचेपर्यंत प्रमाण निघून जातं.’ तेव्हापासून औषधाची आणि प्रमाणाची ओळ एकत्र, आणि पूर्ण सहा सेकंद.