तुम्ही विचारलंत म्हणून: नाहुआत्ल आणि फॉन यांत साम्य काय?

मेक्सिकोतली नाहुआत्ल आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधली फॉन या दोन भाषांत काही सारखेपणा आहे का, असं बरेच जण विचारतात. नातं काहीच नाही. पहिली उटो-अॅझ्टेकन कुळातली, दुसरी ग्बे गटातली. तरी तुलना करायचीच असेल तर शब्दांच्या याद्या सोडा आणि ‘खाणे’ हे एकच क्रियापद घ्या.

दोन्हींकडे नुसतं ‘मी खातो’ म्हणून भागत नाही. काय खातो ते सांगायचं नसलं तरी ‘काहीतरी’ म्हणावंच लागतं. अभिजात नाहुआत्लमध्ये ‘नित्लाक्वा’: नि म्हणजे मी, त्ला म्हणजे काहीतरी, क्वा म्हणजे खाणे. फॉनमध्ये ‘उन डु नु’: मी, खाणे, वस्तू. गरज तीच, पण एकीकडे सगळं एका शब्दात आणि दुसरीकडे तीन सुटे शब्द.

नाहुआत्लमध्ये मांस म्हणजे नाकात्ल. ते क्रियापदात शिरलं की शेवटचा त्ल गळतो: ‘निनाकाक्वा’, मी मांस खातो. समोरचं ठरावीक मांस असेल तर ‘निक्क्वा इन नाकात्ल’. यातला पहिला क् म्हणजे ‘ते’. शिकणारे दोन्ही एकत्र करून ‘निक्नाकाक्वा’ म्हणतात, ते चूक. कर्माला जागा एकच असते, ती मांसाने घेतली की क् तिथे बसत नाही.

फॉनमध्ये क्रियापदाला काही चिकटत नाही. ‘उन ना डु नु’ म्हणजे जेवेन, ‘उन नॉ डु नु’ म्हणजे जेवत असतो. नुसतं ‘उन डु नु’ मात्र बहुधा ‘जेवलो’, हे ध्यानात ठेवा. आणि आत्ता जेवतोय म्हणायचं तर ‘उन डो नु डु वे’: इथे कर्म क्रियापदाच्या आधी येतं, थेट मराठीसारखं. मला फॉनमधली ही सगळ्यात देखणी जागा वाटते.

उच्चारांत फॉनचा ड आपलाच मूर्धन्य ड. ग्ब मात्र ग आणि मग ब असा नाही. ओठ आणि जिभेचा मागचा भाग एकदमच मिटायचे, एकदमच सोडायचे. सूर चुकला तर अर्थ बदलतो: उंच सुरातला ‘तो’ म्हणजे कान, खालच्या सुरातला म्हणजे देश. रोजच्या लिखाणात सुरांच्या खुणा बऱ्याचदा गाळतात, म्हणून फॉन कानानेच शिकावी.

नाहुआत्लमध्ये तेच काम स्वराची लांबी करते. ‘तोका’तला ओ ऱ्हस्व असेल तर पाठोपाठ जाणे, दीर्घ असेल तर पुरणे. जुन्या स्पॅनिश वळणाच्या लेखनात हा फरक सहसा दिसत नाही. ओरासियो कारोची यांच्या 1645च्या व्याकरणात तो खुणांनी दाखवला आहे, तेव्हा शंका आली की आधी तिथे बघा.