बोगदा, म्हणे

गोव्यातल्या कुळ्याच्या पलीकडे, जंगलाला टेकून एक रिसॉर्ट होतं. बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथं मागच्या बाजूला रेल्वेचा जुना, सोडून दिलेला बोगदा आहे, असं मित्रानं कुठूनतरी ऐकून ठेवलेलं. निघताना आईला सांगितलं, बोगद्यात जाऊन येतो. ती म्हणाली, "मग वास्कोहून येताना सुंगटं आण." सुंगटं म्हणजे कोळंबी. तिचं चुकलं नाही. बोगदा म्हटलं की वास्कोजवळची, मुरगावकडची त्या नावाची वस्तीच आठवते कुणालाही.

मला मात्र बोगदा म्हणजे मीटरगेजची गाडी. घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ, म्हणून मागून ढकलायला आणखी इंजिनं लावतात. बाबा ते दरवेळी नव्यानं समजावून सांगायचे. अंधार आला की सगळा डबा ओरडायचा, कारण ओरडायचं असतं म्हणून. आजी तेवढ्यात पिशवी छातीशी धरायची. पोर्तुगीज अमदानीत सरहद्दीवरच्या कुळ्याला होणाऱ्या झडत्या तिनं पाहिलेल्या. अंधारात कोण कशाला हात घालील, याचा तिला भरवसा नव्हता. ही लाइन 1888 मध्ये घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत पोचली. 1990 च्या दशकात ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची झाली. आमची ती लहान गाडी गेली, बोगदे राहिले आणि त्यांतून आजही गाड्या जातात. मग सोडून दिलेला बोगदा आला कुठून, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही.

रिसॉर्टच्या तरणतलावात सागाची पानं कुजत होती. काउंटरमागं किल्ल्यांची फळी तशीच होती, खिळ्यांवर रंगवलेले आकडे, आणि फक्त सातच्या खिळ्याला किल्ली. मित्रानं ती काढून पाहिली, परत लावली. सात नंबरच्या खोलीचं छप्पर केव्हाच खाली आलं होतं.

मागच्या वाटेनं, काटे ओरबाडून घेत शंभरेक पावलं गेलो आणि कमान दिसली. घडीव काळा दगड, वर शेवाळ, सांध्यांतून फुटलेलं पिंपळाचं रोप. आत शिरलो. पायाखाली घोट्याएवढं पाणी, दगडाआड खेकडे, आणि वटवाघळांचा तो आंबूस वास, जो शर्टाला नंतर दोन दिवस राहतो. मित्र टॉर्च फिरवून भिंतीतले कोनाडे शोधत होता; गाडी आली की गँगमन उभे राहतात ते. एकही सापडला नाही. "लहान बोगदा आहे, लागले नसतील," असं त्यानंच त्याचं उत्तर दिलं. कमान माझ्या डोक्यापासून हातभर उंच. यातून रेल्वेचं इंजिन कसं जाईल, हे दोघांनीही विचारलं नाही. एवढे काटे अंगावर घेतल्यावर माणूस असले प्रश्न विचारत नाही.

तेवढ्यात दगड गुणगुणायला लागले. आधी पायांना कळलं, मग कानांना. पाण्यावर बारीक थरथर उमटली, वरून चुन्याची भुकटी मानेवर पडली आणि खडखडाट सुरू झाला. आमच्या डोक्यावर. मालगाडीच्या वाघिणी मोजायला घेतल्या आणि चाळिसाच्या आसपास चुकलो. मागून ढकलणाऱ्या इंजिनांचा घुरघुराट शेवटी आला, तेव्हा वटवाघळं आमच्या कानांजवळून बाहेर पडली.

बाहेर एक म्हातारा म्हशी घेऊन उभा होता. बोगद्याबद्दल विचारलं तर आमच्या भिजलेल्या विजारींकडे बघत म्हणाला, "हो बोगदो न्हय रे पुता. मोरी ही. उदकाची वाट." रुळांखालून ओहोळ पलीकडे न्यायला बांधलेली मोरी. आमच्यासारखे आणखी कोणी येतात का, असं विचारल्यावर तो हसला. येतात, म्हणाला, आणि सगळे आत जाऊन ओरडतात.

आम्हीही ओरडलो होतो, ते त्याला सांगायची गरज पडली नाही.

मी कमानीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'जुना बोगदा'. पाच मिनिटांत आईचं उत्तर आलं: सुंगटं मिळाली का?