माझा अनुभव : शिडाच्या बोटीवरचे प्लॅस्टिकचे भाग आणि त्यांचं सीलंट

डेकवरचे प्लॅस्टिकचे भाग काढून पुन्हा बसवायचे होते. सीलंट, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून फटीत भरायचा लुकणासारखा पदार्थ, घेण्याआधी मी प्रत्येक भाग उलटा करून पाहिला. बऱ्याच भागांच्या मागे साच्यातच अक्षरं उमटवलेली असतात. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीएमएमए म्हणजे अ‍ॅक्रिलिक, पीए म्हणजे नायलॉन, पीओएम म्हणजे अ‍ॅसिटल. एबीएस आणि पीव्हीसी तर ओळखीचेच. कोणतं सीलंट लावायचं हे या अक्षरांवर ठरतं, ट्यूबवर ‘मरीन’ छापलंय की नाही यावर नाही.

पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट लाकडाला आणि धातूला फार चांगलं. पण त्यातली द्रावकं एबीएस, पीव्हीसी, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांना ठिसूळ करतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नंतर स्क्रूच्या भोकापासून तडे निघतात. नायलॉन आणि अ‍ॅसिटलला मात्र ते चालतं. भाग कशाचा आहे हे कळलं नाही तर पॉलिसल्फाइड वापरूच नये.

३एम कंपनीच्या ५२०० सारखं पॉलियुरेथेन सीलंट मी गोंद समजतो. त्याने बसवलेला प्लॅस्टिकचा भाग पुढे अखंड निघत नाही, कधी डेकचा जेलकोटही (फायबरग्लासवरचा गुळगुळीत वरचा थर) सोबत सोलला जातो. काढावा लागणारा भाग त्याने चिकटवू नये.

सिलिकॉनची पकड बेताची, पण प्लॅस्टिकला ते इजा करत नाही आणि गॅस्केट म्हणून उत्तम काम देतं. व्हिनेगरसारखा वास येतो ते टाळून न्यूट्रल क्युअर, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं, घ्यावं. त्याचा मोठा दोष म्हणजे मागे राहणारा थर : त्यावर रंग धरत नाही, जेलकोट धरत नाही, दुसरं सीलंटही धरत नाही. म्हणून ते भागाच्या कडेबाहेर जाऊ द्यायचं नाही.

माझी निवड अशी झाली. एबीएसची तपासणी-झाकणं आणि हवेचे झरोके यांना न्यूट्रल सिलिकॉन. नायलॉनच्या क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या) आणि दोरीला वाट दाखवणाऱ्या फेअरलीडना ब्यूटाइल टेप, म्हणजे न वाळणारी चिकट रबरी पट्टी. झाकणांनाही ब्यूटाइल चाललं असतं, पण ते घट्ट असतं. दाबून बाहेर काढायला जोर लागतो आणि पातळ एबीएसची कड त्यात वाकते. पॉलिथिनच्या पट्ट्यांना काहीच चिकटत नाही, तिथे बोल्टचा दाब आणि मध्ये ब्यूटाइल एवढाच उपाय.

जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. अ‍ॅसिटोन अजिबात नाही : अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर त्याने बारीक भेगांची जाळी उठते, एबीएस तर विरघळतंच. डेकमधल्या भोकांच्या तोंडाला हलकी उतरती कड दिली, म्हणजे बोल्टभोवती सीलंटचं कडं तयार होतं. डेकच्या आत गाभा म्हणून बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) असेल तर भोक मोठं करून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावं आणि मग पुन्हा पाडावं, नाहीतर पाणी गाभ्यात शिरतं.

स्क्रू सपाट बुडाच्या डोक्याचे घेतले. खोलगट बसणारं डोकं पाचरीसारखं दाबतं आणि प्लॅस्टिक फोडतं. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीची भोकं बोल्टपेक्षा २ मिमी मोठी ठेवली. अ‍ॅक्रिलिक दर मीटरला दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ मिमी वाढतं. ६०० मिमीची काच ३० अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटर सरकते, आणि फायबरग्लास तेवढं वाढत नाही. त्या सरकण्याला जागा मिळाली नाही तर काच भोकातूनच तडकते.

भाग जागेवर ठेवून भोवती मास्किंग टेप लावली. सीलंटची सलग रेघ भोकांच्या आतल्या बाजूने आणि प्रत्येक भोकाभोवती एक वळसा. सगळीकडून थोडं बाहेर येईपर्यंतच आवळलं, मध्ये साधारण २ मिमी थर राखून. इथे सर्वात जास्त चुका होतात : पूर्ण आवळलं की सीलंट सगळं बाहेर जातं, उरतो नुसता पापुद्रा, आणि गळती तिथूनच. साय धरण्याआधी टेप काढली. पूर्ण वाळल्यावर नट पाव फेरा फिरवला. बोल्टचं डोकं धरून ठेवायचं, ते फिरलं तर बोल्टभोवतीचं सीलंट तुटतं. ब्यूटाइलला मात्र उन्हात तापल्यावर थोडं थोडं आवळत जावं लागतं.

शेवटी होजने पाणी मारलं, खालच्या भागापासून वर सरकत, प्रत्येक भागावर काही मिनिटं. वरून सुरुवात केली की पाणी सगळ्यांवरून ओघळतं आणि नेमकं कोणतं गळतंय ते कळत नाही.