तुम्ही विचारलंत म्हणून: कुरेकच का?

पोलंडच्या व्हॉलीबॉल संघात लेऑन आहे, सेमेन्यूक आहे, मग तुमचं सारखं कुरेक-कुरेक काय चाललेलं असतं? मैदानावरची पोरं विचारतात, जुने सोबती विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात: "2014 ला संघातून काढलं, 2018 ला जगज्जेता करून दाखवलं, म्हणूनच ना?"

नाही. म्हणून नाही.

ती गोष्ट मीही सांगितलीय, कबूल. एका शाळेत बक्षीस समारंभाला बोलावलं होतं, माईक हातात आला आणि सुटलो. घरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या चौदा जणांत प्रशिक्षक आंतिगाने बार्तोश कुरेकला घेतलं नाही. 29 ऑगस्टला तो 26 वर्षांचा झाला आणि 30 ला वॉर्साच्या फुटबॉल स्टेडियमवर, साठ हजारांच्या वर गर्दीसमोर, पोलंडने सर्बियाला सरळ तीन सेटमध्ये झोपवलं. तीन आठवड्यांनी कातोवित्सेत ब्राझीलला हरवून चाळीस वर्षांनी जगज्जेतेपद आणलं. त्याच्याशिवाय. (आंतिगाचं चुकलं असंही म्हणवत नाही, कप तर आलाच.) मग 2018, तुरीन, फायनलला पुन्हा ब्राझील, 3-0, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण? पोरांनी टाळ्या पिटल्या. आता ते भाषण आठवलं की कानकोंडा होतो. मधलं 2016 मी गिळून टाकलं होतं.

2016 ला रिओत क्वार्टर फायनलला अमेरिकेकडून 0-3. पुढचा मोसम जपानमध्ये, करार झालेला. मोसम सुरू व्हायच्या आधीच त्याने तो मोडला. गुडघा, खांदा, पाठ, कशाचंही नाव पुढे केलं नाही. शरीराने आणि डोक्यानेही थकलोय, थांबायचंय, एवढंच. दोन मीटरच्या वर उंची, वडील आदाम कुरेकही पोलंडकडून खेळलेले, वय 28.

मी ती बातमी वाचली तेव्हा उजव्या गुडघ्यावरून हात फिरवला.

2007 साली माझी राज्याच्या सराव शिबिरासाठी निवड झाली होती. रात्रीची एसटी. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या. स्टँडवर गाडी लागली, कंडक्टरने दोनदा हाक दिली, मी बाकावरून उठलो नाही. गाडी गेल्यावर तासभर तिथेच बसून दशम्या खाल्ल्या. वर्षभर पहाटेची शिट्टी ऐकली की पोटात गोळा यायचा, स्मॅश बसला तरी आनंद होईना, पण हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत? घरी येऊन म्हणालो, गुडघा गेला. पहिल्या दिवशी क्रेप बँडेज गुंडाळताना डावा की उजवा हेच ठरेना. सर दुसऱ्या दिवशी सायकलवर आले, मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, मी योग्य वेळी ओरडलो. एक्स-रेचे पैसे सरांनी दिले. फोटोत काही नव्हतं. "आतली नस असेल," सर म्हणाले. कारण त्यांनीच शोधून दिलं.

तुम्ही म्हणाल, कुठे तो, कुठे तुम्ही. बरोबर आहे. त्याच्या गाठीला पैसा होता, नाव होतं. थांबायलाही ऐपत लागते. शिवाय तो त्याच मोसमात पोलंडमधल्या स्क्रा क्लबकडे परतला, मी परतलो नाही. तुलना इथेच संपते, असं मी स्वतःला बजावतो. पण रात्री दुसरंच वाटतं. तो थकवा सांगून गेला होता, विश्रांती झाल्यावर परत येऊ शकला. खोट्या गुडघ्यातून माणसाने बरं कसं व्हायचं?

आणि परतला म्हणजे सगळं सुरळीत झालं असंही नाही. जगज्जेता झाला त्याच वर्षी श्चेचिनच्या त्याच्या क्लबचा पैसा संपला, मोसमाच्या मध्यातच वॉर्साला जावं लागलं. मग 2020 ला पुन्हा जपान. ज्या देशाचा करार मोडला तिथेच, नागोयात, चार मोसम, एकदा लीगचं विजेतेपदही. हे मी भाषणात सांगितलं असतं तर पोरांनी टाळ्या कुठे वाजवायच्या होत्या, कळत नाही.

2024 ची पॅरिसची फायनल मी सरांच्या घरी पाहिली. सर आता सत्तरीत. कुरेक कॅप्टन, समोर फ्रान्स, 0-3. पोलंडला 1976 नंतरचं पुरुष व्हॉलीबॉलमधलं पहिलं ऑलिंपिक पदक, तरी सगळ्यांचे चेहरे पडलेले. आज सांगून टाकू, असं ठरवून गेलो होतो. चहा झाला, दुसरा चहा झाला. निघताना सर दारापर्यंत आले.

"जिना जपून उतर रे. तुझा गुडघा."

मी कठडा धरून उतरलो.