शिक्षणाच्या आकडेवारीत काम करायचंय, आधी काय शिकू?

‘संख्याशास्त्रात एम.एस्सी. होत आलंय. शिक्षण आणि प्रौढांच्या कौशल्यांवर काम करायचंय. आधी काय शिकू?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नवी मॉडेलं नंतर. आधी आकडा कसा तयार झाला ते बघायला शिका.

२०११च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के निघाली. सात वर्षं आणि त्यापुढच्या माणसाला कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का, एवढाच प्रश्न होता आणि घरातलं कुणी एक जण सगळ्यांच्या वतीने उत्तर देऊ शकत होतं. वाचून दाखवा, असं कुणाला म्हटलं जात नाही. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत मात्र प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, गावातली २० घरं निवडतात आणि मुलाकडून अक्षरांपासून दुसरीच्या गोष्टीपर्यंत खरोखर वाचून घेतात. तेही घरी, कारण शाळेत गेलं की शाळाबाह्य आणि गैरहजर मुलं निसटतात.

प्रौढांसाठी ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचं ‘पिआक’ हे प्रौढ कौशल्यांचं सर्वेक्षण घ्या. वय १६ ते ६५. भारत त्यात नाही, पण डेटा मोफत मिळतो. प्रत्येकाला मोजकेच प्रश्न दिलेले असतात, त्यामुळे फाइलमध्ये माणसामागे एक गुण नसतो, दहा संभाव्य गुण असतात. नवखे इथेच चुकतात: दहांची सरासरी काढून एकदाच विश्लेषण करतात. मग गुणांचा पसारा आकसतो आणि अगदी कमी कौशल्य असलेली माणसं खऱ्यापेक्षा कमी दिसतात, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं मोजायचं, नेमकी तीच. विश्लेषण दहा वेळा करा, सरासरी शेवटी निकालांची काढा आणि दहा निकालांतला फरक प्रमाण त्रुटीत (अंदाज किती चुकू शकतो त्याच्या मापात) मिळवा.

अर्थ लावतानाही घाई नको. पंचावन्नच्या पुढच्यांचे गुण पंचविशीतल्यांपेक्षा कमी, म्हणून वयाने कौशल्य घटतं असं एका सर्वेक्षणावरून म्हणता येत नाही. त्या पिढीला शाळाच कमी मिळाली असेल. प्रशिक्षण घेतलेल्यांचा पगार जास्त दिसतो, पण प्रशिक्षणाला मुळात जास्त शिकलेलेच जास्त जातात.

सरावासाठी ‘पिआक’च्या छापील अहवालातलं एक कोष्टक स्वतः काढून बघा. सरासरी जुळली पण प्रमाण त्रुटी जुळली नाही, तर रेप्लिकेट वेट्स, म्हणजे नमुन्यामुळे येणारी त्रुटी मोजायला दिलेले भारांचे जादा संच, राहिली असतील. सरासरीच जुळत नसेल, तर मुख्य वेट (एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी आहे तो भार) लावलंय का ते पाहा, आणि ‘उत्तर नाही’चे कोड गुण म्हणून मोजले गेलेत का तेही.