गोळ्यांची पिशवी

व्यसनमुक्ती केंद्रात जुगारासाठी माणूस स्वतःहून क्वचित येतो, कुणीतरी त्याला घेऊन येतं. त्या दिवशी मुलीने वडिलांना आणलं होतं. सत्तरीकडे झुकलेले, निवृत्त हिशेबनीस. उभा जन्म लोकांच्या वह्या तपासल्या, पण स्वतः कधी पत्त्यांवरही पैसे लावले नाहीत. आणि आता रात्र रात्र मोबाइलवर बेटिंग. मुदत ठेव मोडली तरी घरात कुणाला पत्ता नव्हता.

प्रश्नावली भरून घेतली. मानसिक विकारांचं निदान ज्यावरून करतात, त्या डीएसएम-५ या २०१३च्या अमेरिकन पुस्तिकेत जुगाराच्या विकाराचे ९ निकष आहेत, १२ महिन्यांत त्यातले ४ जुळले की निदान होतं. काकांचे सहज जुळले. हरलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं, खोटं बोलणं, रक्कम वाढवत नेणं, सगळं होतं. पण हे सुरू कुठून झालं, ते असा कागद सांगत नाही. मला वय खटकत होतं. आमच्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात तरुणपणातला एखादा धागा सापडतोच. इथे पाटी कोरी होती.

बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता.

"काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"त्याचा इथे काय संबंध?" मुलगी वैतागली. "कंपवाताच्या आहेत." तरी तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात प्रॅमिपेक्सोल होती. डोस कधी वाढवला, ते काकांना तारखेनिशी पाठ होतं. पहिली बेट त्यानंतर काही महिन्यांतली.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं आणि ही गोळी त्याची नक्कल करते. हालचाल सुधारते. पण बक्षिसाची ओढ लावणाऱ्या भागालाही ती चेतवते. एखाद्याला खरेदीचं वेड लागतं, एखाद्याला खाण्याचं, एखाद्याला जुगाराचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंपवाताच्या ३,०९० रुग्णांपैकी ५ टक्क्यांना जुगाराचा त्रास आढळला होता. हा दुष्परिणाम डॉक्टरांना माहीत असतो, पण घरच्यांना सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. आणि जुगार ही काही डॉक्टरला सांगायची तक्रार आहे, असं रुग्णाला वाटत नाही.

मुलगी रडायला लागली. "म्हणजे बाबा, हे तुम्ही केलंच नाही!" तिने पाकीट उचललं, ती ते फेकूनच देणार होती. मी थांबवलं. ही गोळी एकदम तोडली तर वेगळाच त्रास होऊ शकतो. ती कमी करायची ती न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. त्यांना तिथूनच फोन लावला.

काका मात्र हलके झाले नाहीत. "बोट तर माझंच होतं ना?" म्हणाले. मी वाद घातला नाही. दोष गोळीचा असला तरी कर्ज त्यांच्या नावावर होतं, आणि डोस उतरेपर्यंत ओढ राहणारच होती. खात्याचे व्यवहार मुलीकडे द्यायचे, बेटिंगची ॲप ब्लॉक करायची, एवढं ठरलं. मग मी देण्यांची यादी मागितली.

ही यादी माणसं सहसा तुकड्यातुकड्यांनी देतात, एखादा आकडा शेवटपर्यंत दाबून ठेवतात. काकांनी माझ्यासमोरच कागदावर रेघा मारल्या आणि तारीख, नाव, रक्कम, व्याज असे रकाने पाडले. तळाशी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव आलं, तेव्हा मुलीने मान वर केली.

"बाबा, काकांकडूनही घेतलेत?"

"घेतलेत. त्याच्याकडे लेखी काही नाही," ते म्हणाले. "म्हणून ते आधी फेडायचे."