लेथपासून प्लाझ्मा गनपर्यंत : आमची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत वडिलांनी लेथ टाकला, तो पॉवरलूमच्या सुट्या भागांसाठी. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांची कामे वर्षभर चालत; मात्र गाळप हंगाम संपला, की जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडून झिजलेल्या पंपशाफ्टची रीघ लागे. झिजलेल्या जागी वेल्डिंगने भर घातली, तर उष्णतेने शाफ्ट वाकतो, म्हणून आम्ही मेटलायझिंग गन घेतली. तार वितळवून हवेच्या झोताने तिचा थर चढवण्याची ही पद्धत स्वित्झर्लंडच्या माक्स उलरिख शूप यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केली होती.

मापात आलेले शाफ्ट राखमिश्रित पाण्यात पुन्हा झिजून येऊ लागले, तेव्हा धातूऐवजी ऑक्साइडचा थर देण्याचा विचार सुरू झाला. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, 2072 अंश सेल्सिअसला वितळते. एवढ्या उष्णतेसाठी आम्ही प्लाझ्मा गन घेतली. तिच्यात टंगस्टनचा कॅथोड आणि तांब्याचे नोझल यांच्यामधील विद्युतठिणगीतून आर्गॉन व हायड्रोजन जाऊ दिले, की गाभ्यातील तापमान 10,000 अंशांच्या पुढे जाते. त्यात सोडलेल्या पावडरचे वितळलेले कण जॉबवर, म्हणजे थर द्यायच्या भागावर, आदळून चपटे होतात आणि एकावर एक बसत थर तयार होतो. एवढे होऊनही हवेचे झोत चालू ठेवून जॉब साधारण 150 अंशांच्या आत राखता येतो, त्यामुळे शाफ्ट वाकण्याची चिंता मिटते. खर्च मात्र बेताचा नव्हता, आणि गनला लागणारा स्थिर वीजपुरवठा ही आजही आमची मोठी डोकेदुखी आहे.

इंजिनाची कामे डिझेल जनरेटरपासून सुरू झाली. क्रँकशाफ्टच्या ज्या जागेवर ऑइल सीलचा (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचा) ओठ घासतो, तिथे धुळीमुळे नखाला लागेल अशी खाच पडते आणि नवे सील बसवूनही तेल गळत राहते. अशी जागा आम्ही लेथवर थोडी कमी करतो, कडा गोल करतो आणि ॲल्युमिना ग्रिटने ब्लास्टिंग करतो, म्हणजे तिचे टोकदार कण हवेच्या झोताने मारतो. चकचकीत पोलाद राखाडी, खरखरीत दिसू लागले, की त्याला उघडा हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे सक्त ताकीद आहे, कारण बोटांचा तेलकटपणाही थराची पकड सैल करतो. लगोलग निकेल-क्रोमचा पातळ बाँड कोट (वरच्या थराला पकड देणारा थर) आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइड चढवतो. फवारणीची धूळ आरोग्याला घातक असल्याने हे काम एक्झॉस्ट असलेल्या बंद कक्षातच होते. शेवटी सच्छिद्रता भरण्यासाठी सीलर आणि डायमंड व्हीलवर ग्रायंडिंग. सीलखालचा पृष्ठभाग खरखरीत राहिला, तर हा कठीण थरच रबर खाऊन टाकतो.

आमच्या धंद्याचा कस नकार देण्यात लागतो. “मालक, जर्नलवरही हेच मारून द्या,” असे गॅरेजवाले सहज सांगतात. जर्नल म्हणजे क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग. तथापि थर झीज रोखतो, शाफ्टची ताकद वाढवत नाही. जर्नलच्या कडेच्या गोलाईत वाकण्याचा ताण एकवटतो आणि तिथे ठिसूळ ऑक्साइडला तडा जाऊ शकतो. पोलादाचे उष्णतेने होणारे प्रसरण ॲल्युमिनापेक्षा बरेच जास्त असते, म्हणून तापल्यावर थर ताणला जातो, हेही विसरून चालत नाही. थोडे आघात अपेक्षित असतील, तर 13 टक्के टायटेनिया (टायटेनियमचा ऑक्साइड) मिसळलेली ॲल्युमिना अधिक चिवट ठरते. सतत ठोके बसणार असतील, तर आम्ही काम परत करतो. पिस्टनच्या माथ्यावर झिर्कोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) थर मागणारेही येतात. तो थर उष्णता अडवण्यासाठी असतो, झीज रोखण्यासाठी नव्हे, हे त्यांना आधी समजावून सांगावे लागते.

पावडरची नवी खेप आली, की एक इंच व्यासाच्या तुकड्यावर थर देऊन त्याला दुसरा तुकडा इपॉक्सीने चिकटवतो आणि दोन्ही ओढून तोडतो. थर पोलादापासून सुटला, बाँड कोटवरून निघाला की मधल्यामध्ये फाटला, हे पाहिल्याशिवाय त्या पावडरचा डबा कामासाठी उघडत नाही.